आधी अंदाज लिहा

११ जुलै

बुटक्या,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते. तुला तो हवा आहे की नाही ते माहीत नाही, म्हणून लिहिलेला नाही. हवा असेल तर धरून चाल. बीजगणितात आपण अशा कितीतरी गोष्टी धरून चालतो.

पत्ता तुझ्या बायकोकडून मिळवला. फोन नंबर मात्र ‘त्यांना विचारून देते’ म्हणाली आणि मग दिला नाही. त्यावरून काय समजायचं ते मी समजले. अकरा वर्षांतलं हे माझं पहिलं पत्र आणि तेही निव्वळ कामाचं आहे, तेव्हा दचकू नकोस.

काम असं. नव्या प्राचार्यांनी गणित विभागाला संगणक प्रयोगशाळा दिली आहे. खोली तीच, जिन्याखालची, जिच्या चौकटीला तुझं कपाळ रोज आपटायचं. वीस यंत्रं आहेत, त्यांतली अठरा चालू होतात. पहिल्या वर्षाच्या ऐंशी जणांच्या दोन बॅच करायच्या. एक बॅच आठवड्यातले दोन तास प्रयोगशाळेत शिकेल, दुसरी तोच धडा फळ्यावर. सहामाही परीक्षा झाली की दोन्ही बॅचचे गुण शेजारी शेजारी ठेवायचे. मग समिती ठरवणार, की खोली गणिताकडे राहू द्यायची की ऑनलाइन परीक्षांचं केंद्र करायला देऊन टाकायची. केंद्र हवं असलेले लोक आत्तापासून टेप घेऊन खोली मोजून गेले.

प्रयोगशाळेचा कार्यभार माझ्याकडे आहे. हस, मी बघत नाहीये. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या विभागप्रमुखाला असंच कोणाला नको असलेलं काम मिळतं. विभागातले दोघे तरुण ‘मॅडम, तुमचा अनुभव’ असं म्हणून अलगद बाजूला झाले. संगणकाचा माझा अनुभव म्हणजे काय, ते तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. विद्यार्थी मला अजूनही मागून खडूबाईच म्हणतात.

तर प्रश्न एवढाच. चाळीस जण, अठरा यंत्रं, पन्नास मिनिटं. तू हे कसं जमवायचास? तुझ्या तासाला मी कधी येऊन बसले नाही, नाहीतर विचारावं लागलं नसतं. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

ताई


२ ऑगस्ट

बुटक्या,

उत्तर आलं नाही. पोस्टाचा दोष असेल असं मी धरून चालले आहे.

प्रयोगशाळेचे पहिले तीन आठवडे सांगते. मी पुढे उभी राहून फळ्यावर समीकरण लिहायचे, मग सांगायचे, आता हे यंत्रात घाला. ते घालायचे. अठरा पडद्यांवर एकसारखा आलेख यायचा. वहीत लिहायचे, ‘आलेख पाहिला.’ दोघांनी रेषेचा रंग गुलाबी करून घेतला, तेवढीच काय ती स्वतंत्र विचारसरणी. तिसऱ्या आठवड्यात मी यंत्रं बंद करायला लावली आणि तोच आलेख कागदावर काढायला सांगितला. चाळीसपैकी एकतीस जणांनी कोरा कागद दिला. फळ्याच्या बॅचमध्ये नऊ कोरे होते.

आधी मी यंत्रांना नावं ठेवली. मग विजेला, मग खोलीला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण लहानपणी तुला मीच शिकवली होती आणि तू लगेच ती माझ्यावर वापरली होतीस, ते आठवलं.

या सगळ्यात प्रयोगशाळेतल्या मावशी कोपऱ्यात स्टुलावर बसून बघत होत्या. त्याच मावशी, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावणाऱ्या. तू असताना होत्या, अजून आहेत. कोरे कागद गोळा करताना त्या म्हणाल्या, सरांचे कागद कपाटात आहेत, देऊ का? इतके दिवस का नाही सांगितलंत, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. तुम्ही विचारलं नाही, म्हणाल्या.

बावीस कागद निघाले, प्रत्येकाच्या पन्नास प्रती. तुझं ते अक्षर बघून मला क्षणभर बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं. वर चौकट आणि तिच्यावर लिहिलेलं, ‘आधी अंदाज लिहा. पेनाने. खोडायचं नाही.’ खाली, ‘आता यंत्राला विचारा.’ त्याखाली, ‘अंदाज चुकला असेल तर कमीपणा नाही. कुठे चुकला ते लिहा.’ आणि शेवटी, ‘यंत्राला खोटं पाडून दाखवा.’

मी ते स्टाफरूममध्ये नेऊन सगळे वाचले. चहा गार झाला. अकरा वर्षांपूर्वी या प्रयोगशाळेविरुद्ध मी दोन पानी टिपण लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं, की विद्यार्थी बटणं दाबतील आणि डोकं बंद ठेवतील. तुझे कागद मी परवा पहिल्यांदा वाचले. डोकं बंद ठेवायला लावणारी प्रयोगशाळा काढून दाखवली ती मी, यंदा.

कागद वापरू का, असं विचारायला हवं होतं. उद्यापासून वापरते आहे. हरकत असेल तर कळव.

ताई


२९ ऑगस्ट

बुटक्या,

तुझ्या बायकोचा फोन आला होता. पत्रं पोचतात म्हणाली. तू ती वाचतोस, टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवतोस आणि काही बोलत नाहीस. वाचतोस एवढं मला पुरे आहे. पुरे नाही खरं, पण चालेल.

कागदांनी काम केलं. पहिल्या दिवशी ‘पेनाने’ म्हटल्यावर वर्गात शोककळा पसरली. एकाने विचारलं, मॅडम, अंदाज चुकला तर गुण कापणार का? मी म्हटलं, खाली काय लिहिलंय ते वाच. त्याने दोनदा वाचलं आणि तरी पेन अर्धवट हवेतच धरून बसला. आपण यांना बारा वर्षं शाळेत काय शिकवलं असेल, याचा अंदाज मी त्या पेनावरून बांधला.

आता ते भांडतात. दोघांत एक यंत्र, काही ठिकाणी तिघांत, आणि बटण दाबायच्या आधी तिघांचे तीन अंदाज. आवाज इतका होतो की शेजारच्या वर्गातून निरोप येतो.

मागच्या बाकावर एक मुलगी बसते. प्रवेश उशिरा झाला, आल्यापासून तोंडातून शब्द नाही. परवा टॅनचा आलेख होता. नव्वद अंशांवर टॅनला किंमतच नसते, हे मी फळ्यावर तीस वर्षं लिहीत आले आणि वर्ग तीस वर्षं ते उतरवून घेत आला. यंत्राने त्या जागी सरळ उभी रेघ काढून दाखवली. सगळ्यांनी ती रेघ आपापल्या वहीत उतरवली. ही मात्र आपल्या पेनाच्या अंदाजाकडे बघत बसली, त्यात तिथे मोकळी जागा होती. मग म्हणाली, “मॅडम, यंत्र खोटं बोलतंय. त्याला दोन ठिपके माहितीयेत, मधलं काही माहिती नाही. म्हणून त्याने जोडून टाकलं.”

तीस वर्षांत माझ्या वर्गात इतकं चांगलं वाक्य कोणी बोललं नव्हतं. मी तसं सांगितलं. तुझी फार आठवण आली, तेही आता सांगून टाकते.

तास संपल्यावर ती थांबली. मला वाटलं काही शंका असेल. तिने विचारलं, “आम्हाला या बॅचमध्ये का घातलं? आम्ही ढ आहोत म्हणून का?”

मी सांगितलं, की नाही. ऐंशी चिठ्ठ्या एका डब्यात घातल्या होत्या, सगळ्यांसमोर मावशींनी डोळे मिटून काढल्या. तू त्या दिवशी आली नव्हतीस, तुझीही चिठ्ठी त्यात होती. तिचा चेहरा उजळला. नुसत्या चिठ्ठीने एखाद्याला इतकं बरं वाटू शकतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी मात्र तिच्याकडे न बघता फळा पुसायला घेतला.

दुसरी बातमी. समितीतले एक सदस्य परीक्षा केंद्राच्या बाजूचे आहेत. त्यांनी जुन्या दप्तरातून तुझ्या अकरा वर्षांपूर्वीच्या प्रयोगाची फाईल शोधून काढली आणि प्राचार्यांपुढे ठेवली. प्राचार्यांनी मला बोलावून ती वाचून दाखवली. फळ्याची बॅच, सरासरी ६३. प्रयोगशाळेची बॅच, सरासरी ४९. निष्कर्ष: प्रयोग अयशस्वी. खाली दोन सह्या, तुझी आणि माझी. प्राचार्य सरळ माणूस आहे, आवाज चढवत नाही. म्हणाले, हे याच खोलीत करून झालंय, तुमच्याच विभागात. आता वेगळं काय होणार आहे, ते ८ ऑक्टोबरच्या बैठकीत मला पटवून द्या, नाहीतर खोली जाईल.

तेव्हाच्या बैठकीत तुला विचारलं होतं, काही म्हणायचं आहे का? तू माझ्याकडे बघितलंस आणि ‘नाही’ म्हणालास. मग सही केलीस. महिन्याने राजीनामा दिलास आणि गाव सोडलंस. घरी सगळ्यांना मी सांगितलं, की त्याला हार पचली नाही. मला तसंच वाटलं होतं.

ताई


१९ सप्टेंबर

बुटक्या,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. तुझ्या नियमाप्रमाणे आता पेनाने लिहिते आहे आणि खोडणार नाही.

तुझ्या प्रयोगाच्या वर्षी जूनमध्ये कार्यालयातून एक परिपत्रक आलं होतं. तोपर्यंत हजेरीपटावरचे क्रमांक आडनावांप्रमाणे असायचे. त्या वर्षापासून ते प्रवेश परीक्षेच्या गुणांप्रमाणे दिले. एक नंबरला सगळ्यात जास्त गुणांचा, ऐंशीला सगळ्यात कमी. परिपत्रक वेळापत्रक करणाऱ्यांकडेच येतं, आणि वेळापत्रक मी करत होते.

तू नेहमीसारखा धावत आलास. म्हणालास, ताई, मला कुठलेही चाळीस दे, आडनावांच्या यादीत काय फरक पडतो. यादृच्छिक निवड या विषयावर तू दरवर्षी चार तास शिकवायचास आणि यादी कशी लावली आहे हे विचारायला तुला सुचलं नाही. मी म्हटलं, मग एक्केचाळीस ते ऐंशी घे. तू ‘बरं’ म्हणून गेलास.

मला माहीत होतं. तुला हे सांगायलाच पत्र लिहिते आहे. मला ते शब्द उच्चारताना माहीत होतं. नंतर मी स्वतःला समजावत राहिले, की मी काही खोटं बोलले नाही, त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. हे वाक्य मी अकरा वर्षं जपून वापरलं. आता ते मावशींच्या तोंडून ऐकलं, ‘तुम्ही विचारलं नाही’, तेव्हा त्याची किंमत कळली. मावशींनी निदान कागद सांभाळून ठेवले होते.

का केलं, तेही सांगते. त्याआधी दोन महिने सर्व शिक्षकांच्या सभेत तू उभा राहून म्हणालास, की फळ्यावर शिकवतो तेव्हा वर्ग शिकत नाही, वर्ग उतरवून घेतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाव तू घेतलं नव्हतंस, पण फळ्यावरची म्हणून मीच प्रसिद्ध होते. तुला पाढे मी शिकवले. अपूर्णांक मी शिकवले, स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने, आई ओरडेपर्यंत. आणि तू भर सभेत मला माझं शिकवणं शिकवत होतास. मला राग आला होता. त्याहून वाईट म्हणजे मला तुझं म्हणणं पटलं होतं.

मागच्या रविवारी मी जुने पट काढून आकडेमोड केली. आत येताना वरच्या चाळीसांची सरासरी ८१ होती, खालच्या चाळीसांची ५२. म्हणजे अंतर एकोणतीस. वर्षअखेरीला ६३ आणि ४९, अंतर चौदा. खालच्या गटाचं अंतर असं थोडंफार आपोआप कमी होतंच, हे तू म्हणशील, म्हणून पुढचं वर्षही पाहिलं. तेव्हा प्रयोगशाळा बंद होती, यादी तशीच गुणांची. आत येताना अंतर अठ्ठावीस, बाहेर जाताना चोवीस. तुझी प्रयोगशाळा चालली होती, बुटक्या. कदाचित इतकी चालली होती, की तसं आपल्याकडे नंतर कधी काही चाललं नाही. आणि तिच्यावर ‘अयशस्वी’ हा शब्द माझ्या अक्षरात आहे.

८ तारखेला मी गप्प राहू शकते. तेव्हाची यंत्रं जुनी होती, असं सांगितलं तर सगळे मान डोलावतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मग जुना आकडा तसाच उभा राहील आणि खोली जाईल. खरं सांगितलं तर खोली कदाचित राहील, माझं काय राहील ते मात्र सांगता येत नाही. तीस वर्षं मी या कॉलेजात ताठ मानेने चालले आहे. ते नसलं तर मी कशी चालेन, याचा मला सरावच नाही.

तुझ्याकडून परवानगी, सल्ला, माफी, काही मागत नाही. फक्त इतरांच्या आधी तुला कळावं.

ताई


१० ऑक्टोबर

बुटक्या,

बैठक झाली.

आधी यंदाचे सहामाहीचे आकडे ठेवले. प्रयोगशाळा ५७, फळा ५५. चिठ्ठ्या टाकून केलेल्या बॅचमध्ये दोन गुणांचा फरक म्हणजे काहीच नाही. पहिला महिना मी वाया घालवला होता हे सांगितलं, तरीही दोन म्हणजे दोन. परीक्षा केंद्रवाले सदस्य म्हणाले, मग जुन्या प्रयोगाने काय ते सांगितलंच आहे. आणि फाईल माझ्यापुढे सरकवली.

मी उभी राहिले. बसून बोलले असते तरी चाललं असतं, पण मला बसून शिकवायची सवय नाही. परिपत्रक दाखवलं, पट दाखवले, अंतराचे आकडे फळ्यावर लिहिले. बैठकीच्या खोलीत एक पांढरा फळा आहे, त्यावर लिहिणं खडूइतकं सुखाचं नाही. मग सांगितलं, की यादी कशी लावली आहे हे मला माहीत होतं, माझ्या भावाला नव्हतं, आणि मी ते त्याला सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि निकाल लागल्यावरही नाही.

एक जण पाण्याचा पेला उगीचच फिरवत बसला. मग त्याच सदस्यांनी विचारलं, यात छद्मीपणा नव्हता, खरोखरच कळत नव्हतं त्यांना, की मग मॅडम तुम्ही गप्प का बसलात?

मी उत्तर तयार करून नेलं होतं. ते राहिलं बाजूलाच. मी म्हटलं, “तो माझा धाकटा भाऊ होता आणि माझ्यापेक्षा चांगला शिकवत होता.”

निर्णय असा. खोली दोन वर्षं गणिताकडे राहील, त्या काळात नीट प्रयोग होईल. जुन्या निष्कर्षावर दुरुस्तीचा शेरा चढवला जाईल. विभागप्रमुखपद आणि प्रयोगशाळेचा कार्यभार माझ्याकडून काढून घेतला आहे. प्राचार्य म्हणाले, ज्या व्यक्तीने एकदा माप झाकलं तिच्या हाती पुन्हा मापणी देता येणार नाही, तुम्हीच सांगा, द्याल का? मी म्हटलं, नाही देणार. ते उठून दारापर्यंत सोडायला आले, जे ते कोणासाठी करत नाहीत. त्याचा अर्थ मी लावत बसले नाही.

विभागातल्या दोघा तरुणांपैकी थोरल्याकडे किल्ल्या जातील. मी साधी शिक्षिका म्हणून एक बॅच घेईन. आज कॉरिडॉरमध्ये दोघी सहकारी मला बघून बोलायच्या थांबल्या. पूर्वीही थांबायच्या, पण ते वेगळं होतं. मला वाईट वाटलं आणि मी वर्गावर गेले.

मागच्या बाकावरच्या मुलीला सहामाहीत एकसष्ट मिळाले. प्रवेशाच्या वेळी तिला चव्वेचाळीस होते. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, तरी तुला कळवावंसं वाटलं.

ताई


१२ ऑक्टोबर

बुटक्या,

दोन दिवसांत दुसरं पत्र. पण हे लिहिल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही.

आज किल्ल्या देण्याआधी कपाटातल्या सामानाची यादी केली. मावशी एकेक वस्तू काढत होत्या, मी लिहीत होते. सगळ्यात खालच्या कप्प्यात एक तपकिरी पाकीट निघालं. मावशी म्हणाल्या, हेही सरांचंच.

आत त्या वर्षाचा हजेरीपट होता, छापील. प्रत्येक नंबरापुढे प्रवेशाचे गुण तुझ्या अक्षरात, पेनाने. ऐंशीच्या ऐंशी. चाळीसखाली रेघ मारून ८१ लिहिलंस, शेवटी ५२. दोन्हींभोवती गोल. मी रविवारी दिवसभर बसून जे काढलं ते सगळं, अकरा वर्षं आधी, माझ्यापेक्षा नीट. कोपऱ्यात तारीख आहे. बैठकीच्या आदल्या दिवसाची.

मी मावशींना विचारलं, हे तुमच्याकडे कधी दिलं? त्यांना आठवत होतं. बैठकीतून बाहेर आलात तुम्ही सगळे, त्यानंतर लगेच. सरांच्या खिशात होतं ते घडी करून. म्हणाले, “ठेवून द्या, आता लागणार नाही.”

म्हणजे तुला काही म्हणायचं आहे का असं विचारलं, तेव्हा हे तुझ्या खिशात होतं. नुसतं काढून टेबलावर ठेवलं असतंस तर प्रयोगशाळा वाचली असती. आणि वेळापत्रक कोणी केलं, यादी कोणाला माहीत होती, हे पुढच्या मिनिटाला सगळ्यांना कळलं असतं. तू माझ्याकडे बघितलंस. मी सांगेन म्हणून वाट बघितलीस. मी समोरच्या कागदाकडे बघत राहिले, आणि मग तू ‘नाही’ म्हणालास आणि ‘अयशस्वी’ या शब्दाखाली सही केलीस.

दोन ठिपके मला माहीत होते, तुझं ‘नाही’ आणि तुझा राजीनामा. मधलं काही माहीत नव्हतं आणि मी सरळ रेघ मारून टाकली. सगळ्या घराला तीच रेघ दाखवली. आई शेवटपर्यंत म्हणायची, पोरगं हरायला शिकलं नाही, आणि मी ते ऐकून घेतलं. हे मी कसं निस्तरू ते मला कळत नाही. आईला तर आता सांगताही येत नाही.

मावशी मला पाणी आणून देऊन बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. खूप दिवसांनी रडले. यादीत त्या पाकिटापुढे काय लिहायचं ते कळेना, म्हणून लिहिलं, ‘एक पाकीट, मालक हयात.’ पाकीट मी कोणाला दिलेलं नाही. ते तुझं आहे.

आता कामाचं. नव्या कार्यभारवाल्या तरुणाने तुझे बावीसही कागद वाचले. मला म्हणाला, सरांना बोलावता येईल का, एखादा तास त्यांनीच घेतला तर आम्ही मागे बसून बघू. मी म्हटलं, विचारून बघते. सोमवार २१ तारीख, सकाळी दहा, प्रयोगशाळेची बॅच. त्या मुलीला तुला काही दाखवायचं आहे, यंत्राला खोटं पाडायची तिने आणखी तीन ठिकाणं शोधली आहेत. मीही मागेच बसेन, जी जागा मी तेव्हाच घ्यायला हवी होती. दाराची चौकट अजून तेवढीच आहे, वाकून यावं लागेल.

सोबत तुझाच एक कोरा कागद पाठवते आहे. चौकट मी भरली आहे. प्रश्न: तो येईल का? अंदाज: नाही. पेनाने लिहिलाय.

चुकला तर मला कमीपणा वाटणार नाही.

ताई